फ्री सॉफ्टवेअर बनवायचं आणि विकायचं कसं: वागळे इस्टेटच्या गाळ्यांमध्ये फिरून शिकलेलं, पायरीपायरीने

"मॅडम, कोड पेनड्राइव्हवर देताय, वर म्हणताय कोणालाही कॉपी करून द्या, मग मी बारा हजार द्यायचे कशाचे?" ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत रोड नंबर १६ जवळच्या एका गाळ्यात, मागे लेथ चालू असताना गाळ्याच्या मालक काकांनी मला हे विचारलं, आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं. ज्यांना प्रोग्रामिंग येतं, आपलं काहीतरी बनवून विकावं असं वाटतं पण ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा, ठेवलं तर पोट कसं भरणार ही धाकधूक आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी ठाण्यात राहते, जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम) करणाऱ्या छोट्या युनिटांसाठी चलनाचा, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या डिलिव्हरी चलनाचा, प्रोग्राम बनवलाय आणि तो विकते, त्यामुळे उदाहरण सगळीकडे त्याचंच घेणार आहे.

आधी फुकट आणि मुक्त वेगळं करा

इंग्रजीत फ्री या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत आणि तिकडे चाळीस वर्षं त्याचा घोळ चाललाय. आपल्याकडे फुकट वेगळं, मुक्त वेगळं, त्यामुळे गिऱ्हाईकाला समजावताना "फ्री" हा शब्द वापरूच नका, सरळ "मुक्त" म्हणा. मुक्त म्हणजे चार गोष्टींची मोकळीक: प्रोग्राम कशाहीसाठी चालवा, आतला कोड बघा आणि बदला, दुसऱ्याला द्या, आणि बदललेला सुद्धा द्या. यात किमतीबद्दल एक अक्षर नाही.

ज्यांनी हे सुरू केलं त्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरमध्ये मुक्त सॉफ्टवेअर बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९८५ मध्ये ते स्वतः ईमॅक्स या एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. ज्याच्याकडे नेट होतं तो तेच फुकट उतरवून घेऊ शकत होता, तरी लोक टेप घेत होते. ग्नूचं जीपीएल म्हणून लायसन्स आहे, म्हणजे प्रोग्राम कुठल्या अटींवर वापरायचा आणि वाटायचा तो मजकूर, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००७ च्या, कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की प्रत देताना हवी ती किंमत लावा किंवा लावू नका, आणि सपोर्ट किंवा वॉरंटी पैसे घेऊन द्या. त्यामुळे "हे कायदेशीर आहे का" हा प्रश्न इथेच संपला, उरतो तो प्रश्न की लोक पैसे कशासाठी देतील, आणि त्याचं उत्तर ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीला आधीच माहीत आहे. लिफ्टचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असतं ना? लिफ्ट आपलीच असते, पण अडकली की येणारा माणूस पाहिजे म्हणून दरवर्षी पैसे भरतो. मी विकते ते हेच.

पहिली पायरी, दुखणं शोधा

कोड लिहायच्या आधी दोन दिवस एखाद्याच्या ऑफिसात नुसतं बसा. मी बसले होते. युनिट छोटं, टर्निंगचं काम, पण माल प्लेटिंगला, पावडर कोटिंगला, हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो, कधी रबाळ्याला, कधी तुर्भ्याला, कधी दोन गल्ल्या सोडून. प्रत्येक वेळी डिलिव्हरी चलन, जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे तीन प्रतीत, एक माल घेणाऱ्याची, एक टेम्पोवाल्याची, एक आपली. कार्बन पेपर घालून हाताने लिहिणार. मग माल तुकड्यातुकड्यात परत येतो. ५०० पिना गेल्या, पहिल्यांदा ३२० आल्या, आठ दिवसांनी १६५, आणि १५ रिजेक्ट, आणि हे सगळं काका चलनबुकाच्या उलट्या बाजूला लाल पेनने लिहिणार.

यात नुसता हिशेबाचा त्रास नाही. केंद्रीय जीएसटी (सीजीएसटी) कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल १ वर्षाच्या आत परत आला पाहिजे, मशिनरीसारखा कॅपिटल माल असेल तर ३ वर्षं, साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल्स यांना ही मुदत नाही. मुदत चुकली तर तो माल ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि टॅक्स व्याजासकट बसतो. म्हणजे काकांना खरं पाहिजे होतं ते एवढंच, की कुठल्या चलनाचा किती माल कोणाकडे पडलाय आणि वर्ष भरायला किती दिवस उरलेत ते सकाळी कॉम्प्युटर लावल्यावर समोर दिसावं. बस. अख्खं अकाउंटिंग कोणी मागितलं नव्हतं, आणि ते करायला तयार प्रोग्राम आहेत, त्यांच्याशी टक्कर घेऊ नका.

कोपऱ्यात एक जुना पीसी होता, त्याला मागे डोंगल लावलेलं, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालू होत नाही ती चावी. त्यात पूर्वीचं बिलिंग सॉफ्टवेअर होतं, बनवणाऱ्याने धंदा बंद केला, डोंगल खराब झालं, आणि आठ वर्षांचा डेटा त्या डब्यात अडकून बसलाय. काकांनी तो पीसी अजून भंगारात दिला नाही. मी माझा कोड उघडा ठेवते त्याचं सगळ्यात मोठं कारण तो पीसी आहे. उद्या मला काही झालं तर माझ्या गिऱ्हाईकाचं असं होऊ नये.

लँग्वेज कोणती

मी पायथन घेतली. गिडो व्हॅन रोसम यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढलेली, लायसन्स एकदम मोकळं, तुमचा प्रोग्राम कुठल्याही अटीवर विका, पायथनकडून काही आडकाठी नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे. मुक्त सॉफ्टवेअर विकताना तुम्ही गिऱ्हाईकाला सांगता की मी नसलो तरी दुसरा कोणी हे सांभाळेल, मग तो दुसरा कोणी ठाण्यात सापडला पाहिजे ना? इथल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोराला पायथन वाचता येते. पीएचपी पण चालेल, स्वस्त होस्टिंगवर टाकायचं असेल तर तीच सोपी. गो मध्ये एक फायदा मोठा आहे, सगळं मिळून एकच फाइल तयार होते, ती उचलून ठेवली की चालू. रस्ट भाषा उत्तम आहे पण चलनाच्या प्रोग्रामला तिची गरज नाही आणि सांभाळायला माणूस मिळायला वेळ लागेल.

भाषा निवडताना तिचं आयुष्य पण बघा. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा ज्यांनी कोड वेळेत बदलला नाही त्यांची धावपळ झाली. आणि इकडे गाळ्यांमध्ये अजून विंडोज ७ चे पीसी भेटतात, त्यावर पायथन ३.९ आणि पुढची आवृत्ती चालतच नाही. मला हे पहिल्या इन्स्टॉलेशनच्या दिवशी कळलं, सगळं घेऊन गेले आणि तसंच परत आले. म्हणून मी प्रोग्राम ब्राउजरमध्ये चालणारा केला: ऑफिसमधल्या बऱ्यातल्या एका पीसीवर पायथन, फ्लास्क (वेब प्रोग्राम बनवायची चौकट) आणि एसक्यूलाइट (एका फाइलमधला डेटाबेस), बाकीचे जुने पीसी नुसत्या ब्राउजरने लॅनवरून, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवरून, जोडायचे, विंडोज ७ वर फायरफॉक्सची ११५ नंबरची लाँग सपोर्टवाली आवृत्ती चालते. फक्त एक करा, फ्लास्कबरोबर येणारा डेव्हलपमेंट सर्व्हर गिऱ्हाईकाकडे चालू ठेवू नका, तो त्या कामासाठी नाही, त्याऐवजी वेट्रेस हा सर्व्हर लावा, विंडोजवर विनातक्रार चालतो.

हत्यारं

इथे फार वेळ घालवू नका. जुना लॅपटॉप आणि त्यावर डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स, पुरतं. कोडसाठी गिट, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्याच कामासाठी लिहिलेलं. पहिल्या दिवसापासून गिट वापरा, कारण पुढे कोणी विचारलं की ही ओळ कोणी आणि कधी लिहिली, तर उत्तर तिथेच मिळतं, आणि लायसन्सच्या भांडणात ते कामाला येतं. एडिटर कुठलाही. व्हीएस कोडबद्दल एक सांगून ठेवते, त्याचा सोर्स एमआयटी लायसन्सखाली आहे पण मायक्रोसॉफ्ट जो तयार इन्स्टॉलर देते त्याच्या अटी वेगळ्या आहेत, पूर्ण मुक्त हवा तर व्हीएसकोडियम नावाने तोच एडिटर मिळतो.

आणि एक विंडोजचा पीसी मागूनसवरून का होईना जवळ ठेवा. गिऱ्हाईक विंडोजवर आहे, तुम्ही लिनक्सवर. इन्स्टॉलरसाठी पायइन्स्टॉलर आणि इनो सेटअप ही जोडी. पायइन्स्टॉलर स्वतः जीपीएल आहे पण त्याला खास सूट जोडलेली आहे, त्याने बांधलेला प्रोग्राम तुमच्या मनाच्या लायसन्सखाली देता येतो. त्याने बांधलेल्या फाइलला अँटीव्हायरस बऱ्याचदा उगाच व्हायरस म्हणतो, त्यासाठी सगळं एका फाइलमध्ये कोंबण्यापेक्षा फोल्डर ठेवा, त्रास कमी होतो.

मराठी छपाई, इथे थांबा आणि नीट करा

काकांना चलन मराठीत पाहिजे होतं, कारण माल उतरवणारा पोरगा इंग्रजी वाचत नाही. मी एक नावाजलेली पीडीएफ लायब्ररी (आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) घेतली, युनिकोड फॉन्ट लावला आणि प्रिंट काढली. "क्रमांक" च्या जागी आलं क, खाली लटकलेला हलंत, मग सुटा र. "किंमत" मधली वेलांटी क च्या डावीकडे असायची ती उजवीकडे गेलेली. काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि न बोलता मला परत दिला.

कारण असं की देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही, जोडाक्षर बांधायला आणि वेलांटी डावीकडे न्यायला शेपिंग करणारं इंजिन लागतं. मुक्त जगात ते काम हार्फबझ करतं, आणि क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते आतच आहे. म्हणून सगळ्यात सोपा मार्ग: चलन एचटीएमएलमध्ये बनवा आणि ब्राउजरमधूनच प्रिंट करा, तीन प्रती, प्रत्येकीवर वेगळं शीर्षक, प्रिंटसाठी वेगळं सीएसएस. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला पीडीएफ हवी असेल तर वीझीप्रिंट ही लायब्ररी वापरा, जोडाक्षरं व्यवस्थित येतात, पण विंडोजवर त्याला लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी बसवताना जीव जातो, लिनक्सवर आरामात होतं. फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' घ्या, ओपन फॉन्ट लायसन्स आहे, प्रोग्रामबरोबर देता येतो. फक्त फॉन्टची लायसन्स फाइल त्याच्याबरोबर द्या.

शोधण्यात आणखी एक खोच निघते. "व्यापाऱ्यांचा" मधला र्‍या आहे ना, तो दोन पद्धतीने टाइप होतो, एकात नुक्तावाला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द, त्यामुळे एकाने टाइप केलेलं दुसऱ्याला शोधून सापडत नाही. डेटा सेव्ह करतानाच दोन्हींचं एक रूप करून घ्या. आणि यादी लावताना बघा, युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, म्हणजे पार्टीच्या यादीत "काळे" हे "कावळे" च्या आधी लागतात आणि शोधणारा खालीच शोधत बसतो. आयसीयू लायब्ररीचा मराठी क्रम वापरा. बाहेरून आलेली मोठी सॉफ्टवेअर हे सहसा करत नाहीत, तुम्ही करू शकता, आणि खरं सांगायचं तर माझ्या तीन ऑर्डरी नुसत्या छपाईवर मिळाल्यात.

डेटा आणि बॅकअप

एसक्यूलाइट म्हणजे एक फाइल, म्हणून मी पण सुरुवातीला रोज रात्री ती फाइल कॉपी करणारी छोटी स्क्रिप्ट लावली होती. एका युनिटमध्ये हार्डडिस्क गेली, मी ऐटीत बॅकअप चढवला, आणि शेवटच्या दिवसांची चलनं नाहीत. डेटाबेस वॉल मोडमध्ये होता, त्या मोडमध्ये नव्या नोंदी आधी बाजूच्या वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि मग मूळ फाइलमध्ये उतरतात, मी मूळ फाइल तेवढी उचलत होते. ती चलनं आम्ही कागदी प्रतीवरून परत टाकली, मी आणि त्यांच्या ऑफिसमधल्या ताई, संध्याकाळी साडेसातपर्यंत बसून. त्यानंतर मी पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमधलं बॅकअप फंक्शन वापरते, प्रोग्राम चालू असला तरी ते पूर्ण आणि सुसंगत प्रत काढतं. डेटाबेसची फाइल नेटवर्कच्या शेअर्ड फोल्डरमध्ये पण ठेवू नका, लॉकिंगचा भरवसा नसतो. आणि बॅकअप त्याच डिस्कवर नको, पेनड्राइव्ह दोन, एक ऑफिसात एक मालकाच्या घरी.

एक बटण असं ठेवा की ज्याने सगळा डेटा सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडता येणाऱ्या साध्या फाइलमध्ये, बाहेर येतो. गिऱ्हाईकाला कधीही सोडून जाता आलं पाहिजे. विकताना हे बटण मी सगळ्यात आधी दाखवते.

लायसन्स

सगळ्यात आधी बघा की कोड तुमचाच आहे का. ऐरोलीला किंवा महापेला आयटी पार्कमध्ये नोकरी करत असाल तर अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते, आणि काही लेटरमध्ये घरी केलेल्या कामावर पण हक्क लिहिलेला असतो. कंपनीच्या लॅपटॉपवर तर एक ओळ लिहू नका. लेखी परवानगी मागायला लाजू नका, नंतरच्या कटकटीपेक्षा ते बरं.

मग निवड. एमआयटी आणि बीएसडी म्हणजे घ्या आणि काही करा, कोणी तुमचा कोड घेऊन बंद सॉफ्टवेअर करून विकलं तरी चालतं. अपाची २.० पण तसंच, वर पेटंटबद्दल स्पष्ट शब्द. जीपीएल म्हणते, पुढे वाटायचं तर याच अटीवर आणि सोर्ससकट. इथे एक गैरसमज फार आहे, जीपीएलमध्ये सोर्स अख्ख्या जगाला द्यावा लागत नाही, ज्याला प्रोग्राम दिला त्याला द्यावा लागतो, पण मग त्याने पुढे दिला तर त्याला अडवता येत नाही. आणि एखाद्याने तुमचा जीपीएल कोड आपल्या सर्व्हरवर ठेवून सर्व्हिस म्हणून विकला तर प्रत वाटलीच जात नाही म्हणून बदल द्यायची सक्ती पण लागू होत नाही, ही फट एजीपीएल बुजवते. माझा प्रोग्राम ब्राउजरवाला, म्हणून मी एजीपीएल घेतलं. माझं मत विचाराल तर विकायच्या गोष्टीला एजीपीएल किंवा जीपीएल, आणि दुसऱ्या प्रोग्रामरने वापरावी अशा छोट्या लायब्ररीला एमआयटी.

आता तुम्ही वापरलेल्या लायब्ररींची लायसन्स तपासा, पिप-लायसेन्सेस नावाचं टूल सगळी यादी काढून देतं. खिडक्या-बटणं बनवायची एक जोडी नेहमी फसवते: पायक्यूटी हे जीपीएल किंवा पैसे देऊन कमर्शियल, पायसाइड मात्र एलजीपीएल (जीपीएलचं सौम्य रूप), काम दोघांचं जवळपास तेच. पीडीएफसाठीचं पायम्यूपीडीएफ एजीपीएल किंवा कमर्शियल. तुमचा प्रोग्राम एजीपीएल असेल तर यातलं काहीच नडत नाही, बंद ठेवायचा असेल तर जीपीएल आणि एजीपीएलवालं नडतं.

लायसन्सचा मूळ मजकूर एक शब्द न बदलता फोल्डरमध्ये ठेवा, प्रत्येक फाइलच्या वर तुमचं नाव, वर्ष आणि एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव सांगणारी, एक ओळ. लायसन्समध्ये कोड मोकळा होतो, नाव मोकळं होत नाही, त्यामुळे प्रोग्रामचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं, एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन एका क्लासची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. पहिल्या वर्षी गरज नाही, पाच-सहा गिऱ्हाईकं झाली की करा.

किंमत

माझा हिशेब सांगते. इन्स्टॉलेशन, पार्ट्यांची आणि मालाची यादी भरून देणं, दोन बैठकांत शिकवणं, मिळून १२,००० रुपये. दुसऱ्या वर्षापासून एएमसी ६,००० रुपये, त्यात फोन, अपडेट, दर तीन महिन्यांनी एक चक्कर आणि त्या चक्करीत बॅकअप उघडून तपासणं. खास बदल हवे असतील तर तासावर, आणि तो बदल पण मुक्तच राहणार, पुढच्या अपडेटमध्ये सगळ्यांना मिळणार, हे आधी सांगते, यामुळे एकदा एक काम गेलं पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. बिलावर "लायसन्स फी" लिहू नका, ते खोटं होईल, "इन्स्टॉलेशन, प्रशिक्षण आणि वार्षिक देखभाल" लिहा. सोर्स पेनड्राइव्हवर सोबतच द्या. सोबत नाही दिला तर जीपीएलमध्ये किमान ३ वर्षं तो मागितल्यावर देण्याची लेखी हमी देण्यासारखे पर्याय आहेत, पण ते सांभाळत बसण्यापेक्षा एक फोल्डर जास्त कॉपी करणं सोपं.

पैसे कमवायचे मार्ग जगात आणखी पण आहेत आणि बघून ठेवा. आर्डर या ऑडिओ सॉफ्टवेअरचा सोर्स मोकळा आहे पण तयार बांधलेली फाइल ते पैसे घेऊन देतात. क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर वेबसाइटवर फुकट, स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत. एसक्यूलाइट तर पब्लिक डोमेन, म्हणजे त्यावर कोणाचाच कॉपीराइट नाही, तरी ज्या कंपन्यांच्या वकिलांना कागद लागतो त्यांना ते मालकीच्या हमीचा कागद विकतात. १९८९ मध्ये सुरू झालेली सिग्नस ही कंपनी मुख्यतः मुक्त सॉफ्टवेअरच्या सपोर्टवर चालली, १९९९ मध्ये लिनक्स विकणाऱ्या रेड हॅटने ती घेतली, आणि रेड हॅटला २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेतलं. आणि लांब कशाला जायचं, ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, जीपीएलखाली अख्खा कोड उघडा, कमाई होस्टिंग आणि सपोर्टवर. देणगीवर मात्र विसंबू नका, गाळ्यातला माणूस देणगी गणपतीला देतो, सॉफ्टवेअरला बिल लागतं.

कॉपीची भीती मला पण होती. एका गिऱ्हाईकाने शेजारच्या गाळ्यात पेनड्राइव्हवर दिला, चार महिन्यांनी शेजाऱ्यांचा फोन आला की नवीन आर्थिक वर्षाचा चलन नंबर कसा सुरू करायचा, आता ते एएमसीवर आहेत. आणि एक रबाळ्याचं युनिट आहे, दोन वर्षं वापरतंय, कधी एक रुपया दिला नाही, त्यांच्याकडे कॉम्प्युटर जाणणारा मुलगा आहे तो सगळं बघतो. तो त्यांचा हक्क आहे. त्या मुलाने एक बग शोधून दुरुस्त करून पण पाठवला.

कागदपत्रं, पटकन

दुकान-आस्थापनेची नोंद म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो ती, थोडीच माणसं असतील तर ऑनलाइन सूचना द्यायची. प्रोफेशन टॅक्स वर्षाला २,५०० रुपये. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची, नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर करू नका. सर्व्हिसची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, आणि सॉफ्टवेअर सर्व्हिसवर दर १८ टक्के. बाकी इन्कम टॅक्सचं सीएला विचारा, आणि चांगला सीए गाठा, कारण गिऱ्हाईकं पण तोच देतो.

एक पानी मराठी करार करा. लायसन्समध्ये लिहिलेलं असतं की कसलीही वॉरंटी नाही, ते वाचून गिऱ्हाईक घाबरतं आणि बरोबरच आहे. त्याला सांगा की वॉरंटी एएमसीमध्ये आहे, आणि करारात लिहा की फोन किती ते किती, माणूस किती तासांत येणार, काय झालं तर पैसे परत.

गिऱ्हाईक आणि फोन

जाहिरातीवर खर्च करू नका. वागळेला ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, नवी मुंबईच्या पट्ट्यात ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन, त्यांच्या कार्यक्रमांना जा, लोकांशी बोला, काही विकू नका, फक्त विचारा की चलनं कशी ठेवता. डेमोला जाताना खोटा डेटा नेऊ नका, त्यांच्याच चलनबुकातली शेवटची वीस चलनं समोर बसून भरा. माझ्याकडे दोनदा असं झालं की भरता भरताच वर्ष उलटून गेलेला माल दिसला, मग मला किंमत पटवून द्यावी लागली नाही.

फोन उचलायचा. शनिवारी पण. जो बग सापडला तो लगेच सगळ्यांना कळवायचा, ज्याच्याकडे अजून दिसला नाही त्याला पण, आणि अपडेटबरोबर काय बदललं ते मराठीत अर्ध्या पानात लिहायचं.

इन्स्टॉलेशनच्या दिवशी शेवटचं काम म्हणजे एक लॅमिनेट केलेला कागद पीसीच्या बाजूला चिकटवायचा. त्यावर बॅकअप कुठे आहे, नवीन मशीनवर कसा चढवायचा, सोर्स कुठल्या पेनड्राइव्हवर आहे, लायसन्स कोणतं, आणि मी मिळाले नाही तर हे काम जमू शकणाऱ्या ठाण्यातल्या दुसऱ्या दोघांचे नंबर, त्यांना आधी विचारून. मग मालकांना किंवा ऑफिसमधल्या कोणाला तरी तो कागद वाचून बॅकअप स्वतःच्या हाताने दुसऱ्या पीसीवर चढवायला लावायचा, आपण मागे उभं राहायचं आणि माउसला हात लावायचा नाही. काकांना पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा चलनांची यादी स्क्रीनवर आली तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडून चेकबुक काढलं.